जागे राहण्याची किंमत : कित्तूरच्या रॅक्सपासून सौर टॉवरपर्यंत

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते ९७,५०० हून अधिक ४जी टॉवरांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी ९२,६०० केंद्रे बीएसएनएलची असून त्यांतील तंत्रज्ञान देशी आहे. रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची, जाळ्याचा गाभा सी-डॉटचा आणि सगळ्याची जुळणी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. या बातमीतील 'स्वदेशी' या शब्दावर पुष्कळ लिहिले गेले. सरकारी निवेदनातील आणखी एक वाक्य मात्र फारसे कोणी उचलले नाही. हे टॉवर सौरऊर्जेवर चालणारे असून देशातील हरित दूरसंचार केंद्रांचा हा सर्वांत मोठा समूह आहे, असे ते वाक्य होते.

या लेखाचा विषय ते वाक्य आहे. सौर पॅनेल वीज कोठून येते एवढेच सांगते. यंत्र किती वीज मागते, आणि काम नसताना किती मागते, हे त्याच्या रचनेवर ठरते. हा दुसरा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. ज्या सी-डॉटचा गाभा आज या टॉवरांमागे आहे, त्याच संस्थेने १९८६ मध्ये त्याला एक उत्तर दिले होते. मधल्या काळात ते उत्तर आपण बाजूला ठेवले आणि त्याची किंमत डिझेलमध्ये मोजली. तो इतिहास विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

हा लेख मी जबलपूरच्या अधारतालमधून लिहीत आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाने ओळखला जाणारा तलाव आणि जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर ही या भागाची ओळख. दूरसंचाराच्या नकाशावरही जबलपूर परके नाही. खात्याचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४२ पासून आहे. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने चालते. राइट टाउन आणि अधारतालजवळची रिछाई येथे दूरसंचार साहित्याचे सरकारी कारखाने उभे राहिले. गोंड राजवटीतील तलावांचे हे शहर. तलाव बांधणाऱ्याला दोन हिशेब ठेवावे लागतात. पावसाचे पाणी किती साठेल हा पहिला, आणि तळातून रोज किती झिरपेल हा दुसरा. दळणवळणाच्या यंत्रांबाबत आपण पहिलाच हिशेब आवडीने मांडतो. पुढचे विवेचन दुसऱ्या हिशेबाचे आहे.

तारेपासून टेलिफोनपर्यंत

विजेवर चालणाऱ्या पहिल्या संदेशयंत्रातच हा प्रश्न उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत संदेश नसतानाही तारेतून प्रवाह सतत वाहत असे आणि तो तोडून-जोडून संदेश पाठवला जाई. युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत कळ दाबली तरच प्रवाह सुरू होई, एरवी तार शांत. पहिल्या पद्धतीचे फायदे खरे होते. मधल्या ठाण्यांना स्वतःची बॅटरी लागत नसे आणि तार तुटली की प्रवाह थांबल्यामुळे ते तत्काळ कळे. पण त्यासाठी बॅटरी अहोरात्र झिजत असे. सज्ज राहण्याला किंमत असते आणि ती कोणी, किती द्यायची हे अभियंत्याला ठरवावे लागते, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

टेलिफोनने या बाबतीत फार सुंदर तोडगा काढला. रिसीव्हर जागेवर असला की घरापासून केंद्रापर्यंतचे मंडल उघडे राहते आणि त्यातून एकदिश प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होते, काही मिलिअँपिअर प्रवाह सुरू होतो आणि केंद्रातील रिले तो ओळखून जागा होतो. कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये ज्या स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले, त्याच्या वंशातील सर्व यंत्रे याच तत्त्वावर चालली. भारतात स्वयंचलित केंद्राचा आरंभ १९१३-१४ मध्ये सिमल्यात झाला. अशा केंद्रात जेवढी संभाषणे चालू, तेवढेच रिले आणि निवडक ऊर्जित असत. सकाळच्या गर्दीच्या तासाला विजेची मागणी चढे, मध्यरात्री उतरे. आजच्या परिभाषेत ज्याला ऊर्जा-समप्रमाणता म्हणतात, म्हणजे काम तेवढाच खर्च, तो गुण त्या खडखडणाऱ्या यंत्रात जन्मजात होता.

त्यावरून जुने सगळे हरित होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्या केंद्रांना प्रशस्त इमारती लागत, टनावारी तांबे, पोलाद आणि शिसे लागे, हलणारे भाग झिजत आणि त्यांची सतत देखभाल करावी लागे. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती आणि पुढच्या पिढीच्या यंत्रांनी ती गमावली. त्यांना स्वस्थ बसता येत असे.

मौनाचेही चौसष्ट हजार बिट

१९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या केंद्रांदरम्यान भारतातील पहिली पीसीएम प्रणाली सुरू झाली. पीसीएममध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. बोलणारा क्षणभर थांबला तरी बिटांची संख्या तीच राहते. मौनाचेही चौसष्ट हजार बिट पाठवले जातात. अंकीय यंत्राच्या पोटात एक घड्याळ असते. ते सेकंदाला लक्षावधी ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला असंख्य सूक्ष्म धारित्रे भरतात व रिती होतात. हा खर्च ठोक्यांच्या वारंवारतेच्या आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ग्राहक बोलतो आहे की झोपला आहे, हे त्या घड्याळाला ठाऊक नसते.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने मोठी बचतही झाली. १९७९ मध्ये पुण्यात स्थानिक केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू प्रणाली सुरू झाली. तांब्याच्या तारेत संकेत लवकर क्षीण होतो आणि त्याला वारंवार उचलून धरावे लागते. आजच्या उत्तम काचतंतूत किलोमीटरमागे क्षय सुमारे ०.२ डेसिबल असतो. म्हणजे १५ किलोमीटर प्रवास करूनही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. असा तंतू आज छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतही तयार होतो. तंतूमुळे वाहून नेण्याचा खर्च कोसळला. मात्र तंतूच्या दोन्ही टोकांना बसलेली यंत्रे चोवीस तास जागी राहिली. तेव्हापासून जाळ्याच्या विजेचा प्रश्न मुख्यतः टोकांचा प्रश्न झाला.

कित्तूर, जुलै १९८६

ऐंशीच्या दशकात भारताने शहरांसाठी परदेशी अंकीय केंद्रे घेतली. फ्रान्सच्या अल्काटेल कंपनीची ई-१०-बी ही त्यांतील प्रमुख. ती चांगली यंत्रे होती, परंतु त्यांना वातानुकूलित दालन लागे. ज्या खेड्यात दिवसातून काही तासच वीज येते आणि उन्हाळ्यात सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, तेथे वातानुकूलित दालन कोण बांधणार आणि चालवणार कसे?

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. ३६ महिन्यांत आणि ३६ कोटी रुपयांत देशी अंकीय केंद्र तयार करण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे होते. सॅम पित्रोदा सल्लागार होते आणि जी. बी. मीमांसी संचालनाची धुरा सांभाळत होते. दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रातील अभियंते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. एम. व्ही. पिटके यांचा गट, असे दोन प्रवाह या संस्थेत एकत्र आले. त्यांनी प्रथम महानगराचे केंद्र हाती घेतले नाही. त्यांनी गावासाठी १२८ पोर्टचे छोटे केंद्र बनवले. त्याचे नाव रूरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज, म्हणजेच रॅक्स. जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे पहिले रॅक्स सुरू झाले.

रॅक्सचे मर्म एका निर्णयात आहे. पित्रोदांनी १९९३ मध्ये या कामाविषयी लिहिताना तो स्पष्ट केला आहे. उष्णतेशी लढण्यासाठी शीतयंत्र लावण्याऐवजी उष्णता निर्माणच कमी होईल, असे घटक निवडले गेले. कमी वीज घेणारे मायक्रोप्रोसेसर वापरले. ते किंचित मंद होते, पण तापत नव्हते. मंडले एकमेकांना खेटून न बसवता त्यांना श्वास घ्यायला जागा सोडली. धूळ आत जाऊ नये अशी पेटी केली. परिणामी वातानुकूलनाविना चालणारे केंद्र तयार झाले.

या निर्णयाचा भौतिकीच्या अंगाने विचार केला तर त्याचे मोल कळते. यंत्रात खर्च होणारा प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होतो. तो दालनाबाहेर काढण्यासाठी शीतयंत्राला साधारण एक तृतीयांश वॅट आणखी लागतो. ग्रिडची वीज बॅटरीसाठी एकदिश करताना काही टक्के वाया जातात. वीज गेली की शीतयंत्र बॅटरीवर चालवणे परवडत नाही, म्हणून डिझेल जनित्र येते. जनित्राबरोबर टाकी येते, तेल वाहून नेणारी गाडी येते. चिपमध्ये वाचवलेला एक वॅट ही सारी साखळी आखूड करतो. शीतयंत्रच नको असे ठरले, तर साखळीतील अर्ध्या कड्या गळूनच पडतात. रॅक्सच्या अभियंत्यांपुढे हवामानबदलाचा प्रश्न नव्हता, कार्बनचा हिशेब कोणी मागितला नव्हता. त्यांच्यापुढे उन्हाळा होता आणि भारनियमन होते. काटकसर तेथून आली.

रॅक्सची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेही अंकीय यंत्र होते. त्याचे घड्याळ रात्रीही चालू राही. त्याने झिरपणे पुष्कळ कमी केले, पण थांबवले नाही. गावात फोन नसताना जी वीज लागत नव्हती, ती आता लागू लागली, हेही खरे. पण एका फोनने वाचवलेल्या खेपा, मिळालेला बाजारभाव, वेळेवर आलेला डॉक्टर या गोष्टी त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला होत्या आणि त्या बाजूचे पारडे जड होते.

झोपेचे गणित

इंटरनेटच्या यंत्रांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. भारतात १९८६ मध्ये एर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू झाले आणि मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था त्याच्या अग्रभागी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी सेवा खुली केली. त्या वेळी प्रयोगशाळांमध्ये सेकंदाला एक कोटी बिटांचे इथरनेट असे. त्याच्या तारेवर काम नसताना बहुतांशी शांतता असे. 'मी आहे' हे कळवणारा एखादा स्पंद सुमारे १६ मिलिसेकंदांनी जाई, इतकेच. पुढे दहापट आणि शंभरपट वेगाची इथरनेट आली. त्यांच्या दोन्ही टोकांना क्षणाक्षणाला ताल जुळवून ठेवावा लागतो, म्हणून माहिती नसतानाही ती निरर्थक चिन्हे अखंड पाठवत राहतात. तारायंत्राची अमेरिकी पद्धत दीडशे वर्षांनी नव्या वेशात परत आली, असे म्हणता येईल.

ऑगस्ट २००३ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे झालेल्या सिगकॉम परिषदेत मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग या पोर्टलँडच्या संशोधकांनी 'इंटरनेटचे हरितीकरण' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध मांडला. अमेरिकेतील हब, स्विच आणि राउटर यांनी २००० साली सुमारे ६ अब्ज युनिट वीज घेतली, हा अंदाज त्यांनी पुढे ठेवला आणि विचारले, की काम नसताना या यंत्रांचे भाग झोपवता येणार नाहीत का? देशाच्या एकूण विजेत तो आकडा अगदी छोटा होता. पण प्रश्न मोठा होता, कारण यंत्रांची संख्या वेगाने वाढत होती आणि त्यांना झोप हा प्रकारच ठाऊक नव्हता.

त्याचे उत्तर मानकाच्या रूपाने ३० सप्टेंबर २०१० रोजी आले. आयईईई ८०२.३एझेड हे त्याचे नाव. त्यात तारेच्या दोन्ही टोकांना एकमेकांना सांगून झोपी जाण्याची आणि ठरल्या वेळाने क्षणभर जागून ताल तपासण्याची रीत दिली आहे. यातील आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावेत. सेकंदाला एक अब्ज बिट वेगाच्या तारेवरून १,५०० बाइटचे पॅकेट पाठवायला १२ मायक्रोसेकंद लागतात. झोपी जायला १८२ आणि जागे व्हायला १६.५ मायक्रोसेकंद. म्हणजे एकट्यादुकट्या पॅकेटसाठी १२ मायक्रोसेकंदांच्या कामापायी यंत्र सुमारे २१० मायक्रोसेकंद जागे राहते. तेच दहा पॅकेट साठवून एकदम पाठवली, तर एकूण ३१८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पॅकेटमागे ३२. एकेका पोत्यासाठी बैलगाडी जुंपू नये, हे शहाणपण येथेही लागू पडते. पण पोती जमेपर्यंत पहिल्या पोत्याला थांबावे लागते. बचत आणि विलंब यांचा सौदा प्रत्येक वेळी करावा लागतो.

घरातील राउटरचे उदाहरण घेऊ. तो ८ वॅट घेतो आणि वर्षभर बंद होत नाही असे समजा. वर्षाला ७० युनिट वीज झाली. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका राउटरमागे जवळजवळ ५० किलो. आता घरात महिन्याला ३०० जीबी वापर आहे आणि जोडणी सेकंदाला १० कोटी बिटांची आहे असे धरा. सारी माहिती पूर्ण वेगाने आली, तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी फक्त ८० तास लागतील. उरलेल्या ९९ टक्के वेळात यंत्र केवळ वाट पाहते. एका बिटामागे खर्च येतो सुमारे ९ मायक्रोज्यूल. रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की एक बिट पुसायला निसर्ग किमान जी ऊर्जा मागतो, ती खोलीच्या तापमानाला सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल आहे. या दोन आकड्यांत पंधरा शून्यांचे अंतर आहे. ती मर्यादा पुसण्याची आहे, वाहून नेण्याची नाही, हे मान्य. तरीही निसर्गाने आपली अडवणूक केलेली नाही एवढे त्यातून कळते. अडवणूक आपल्या रचनेनेच केली आहे.

तासाला एक लिटर

आपल्या देशात या रचनेची खरी किंमत मोबाइल टॉवरांनी दाखवली. शतकाच्या आरंभीच्या दशकात टॉवर झपाट्याने उभे राहिले. बहुतेकांच्या पायथ्याशी वातानुकूलित खोली, बॅटऱ्या आणि डिझेल जनित्र असे. रॅक्सने जी साखळी तोडली होती, ती कडीन् कडी पुन्हा जोडली गेली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये हरित दूरसंचाराविषयी शिफारशी केल्या. त्यांतील गणितात जनित्र दिवसाला आठ तास चालते असे धरून एका टॉवरमागे वर्षाला ८,७६० लिटर डिझेल मोजले होते. वर्षाचे तासही ८,७६०च. म्हणजे रात्रंदिवस सरासरी तासाला एक लिटर. देशभरात वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर आणि त्यातून ५० लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड, असा तो अंदाज होता.

जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश काढले. २०१५ पर्यंत ५० टक्के ग्रामीण आणि २० टक्के शहरी टॉवर ग्रिड व अक्षय ऊर्जेच्या संयुक्त पुरवठ्यावर चालावेत, २०२० पर्यंत हे प्रमाण ७५ आणि ३३ टक्के व्हावे, असे लक्ष्य ठरले. त्याच निर्देशांत एक कमी गाजलेले कलम होते. जाळ्यातील प्रत्येक यंत्राची ऊर्जाक्षमता मोजून त्याला 'ग्रीन पासपोर्ट' दिला जावा आणि हे काम टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरने पाहावे. माझ्या मते त्या कागदातील सर्वांत दूरदर्शी कलम हेच. कारण ते विजेचा उगम विचारत नाही, यंत्राची भूक मोजते. मोजमाप ढोबळमानाने दर अब्ज बिट वेगामागे किती वॅट, असे आहे. पूर्ण भाराच्या मोजमापाबरोबर बदलत्या भाराचे मोजमापही त्या पद्धतीत आहे, आणि आपल्या दृष्टीने मोलाचे ते दुसरे आहे. ९९ टक्के वेळ वाट पाहणाऱ्या यंत्राची परीक्षा उरलेल्या एका टक्क्यावर घेण्यात काय अर्थ?

पुढील काळात टॉवरांच्या रचनेतही शहाणपण परतले. उघड्यावर, शीतयंत्राविना चालणारी बेस स्टेशने रूढ झाली. पूर्वी खोलीतील प्रवर्धकापासून टॉवरच्या माथ्यापर्यंत जाड केबल जाई आणि लांब केबलमध्ये निम्मी शक्ती वाटेतच नष्ट होऊ शकत असे. आता रेडिओचा भाग अँटेनाजवळ, टॉवरच्या माथ्यावर बसवतात आणि खालून फक्त प्रकाशतंतू जातो. वाऱ्यावर थंड होणारी ही पेटी रॅक्सची दूरची नात म्हणावी अशी आहे.

गडचिरोली आणि बालाघाट

या इतिहासातील सर्वांत कठीण परीक्षा जंगलात झाली. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांत २,१९९ ठिकाणी मोबाइल सेवा देण्याची योजना मंजूर केली. दहा राज्यांतील या योजनेत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेशही होता. गडचिरोली आणि आमच्या जबलपूर विभागातील बालाघाट यांसारख्या जिल्ह्यांत ग्रिड पोहोचलेले नाही किंवा बेभरवशाचे आहे अशी गावे होती, आणि डिझेलची गाडी नेणे पावसाळ्यात अशक्य, एरवी धोक्याचे होते. म्हणून कमी वीज घेणारी, सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारी २जी केंद्रे बसवली गेली. येथे काटकसर ही निवड नव्हती, ती पूर्वअट होती. कित्तूरसारखीच.

एप्रिल २०२२ मध्ये या योजनेतील २,३४३ केंद्रे २जीवरून ४जीवर नेण्याचा १,८८४.५९ कोटी रुपयांचा निर्णय झाला. गडचिरोलीतील मुलाला पुण्यातील मुलासारखेच इंटरनेट मिळावे, यात वाद असू शकत नाही. पण येथे भौतिकीतील एक अडचण समजून घेतली पाहिजे. ४जीच्या मानकात बेस स्टेशनला संदर्भ-संकेत दर मिलिसेकंदाला पाठवावे लागतात. परिसरात एकही फोन वापरात नसला तरी. त्यामुळे त्याच्या प्रवर्धकाला मिलिसेकंदाहून मोठी डुलकी घेता येत नाही. ५जीच्या मानकात ही चूक बरीच सुधारली. तेथे नव्या फोनने गृहीत धरायचा कालावधी २० मिलिसेकंद आहे आणि तो वाढवण्याची मुभाही आहे. म्हणजे आज देशभर उभ्या राहिलेल्या आपल्या ४जी टॉवरांच्या अंगी एक अनिद्रा मानकातूनच आली आहे. सौर पॅनेल ती अनिद्रा बरी करत नाही, तिचा खर्च उन्हाकडून वसूल करते. तलावाचा तळ झिरपत असेल, तर बंधारा उंच केल्याने पाणी काही काळ जास्त दिसते, इतकेच.

आणि श्रावणात गडचिरोलीवर चार-पाच दिवस ऊन पडत नाही, तेव्हा काय होते? बॅटरीत साठलेली वीज रिकाम्या प्रक्षेपणात संपली, तर पाचव्या रात्री प्रसूतीसाठी रुग्णवाहिका बोलावणाऱ्या माणसाला संकेत मिळणार नाही. त्याच्यासाठी वीजबचत हा पर्यावरणाचा मुद्दा राहत नाही. दुसऱ्या बाजूने, बचतीच्या नावाखाली टॉवर इतका गाढ झोपवला की हाक ऐकू येईना, तर तेही तितकेच वाईट. म्हणून झोप हवी ती सावध हवी. लगेच जाग येणारी, आणि आपत्तीच्या वेळी मोडता येणारी.

पुढचे पाऊल

येथे एक सावधगिरीची सूचना. यंत्र कमी वीज घेते म्हणून जुने दर दोन वर्षांनी फेकून नवे आणणे हे हरित धोरण नव्हे. यंत्र बनवताना धातू, रसायने आणि ऊर्जा खर्च झालेली असते. युरोपने जुलै २००६ पासून विद्युत साहित्यात शिशावर बंदी घातली, तेव्हा जाळ्याच्या यंत्रांतील डाखाला सूट द्यावी लागली होती, कारण ती यंत्रे दीर्घकाळ अखंड चालावी लागतात आणि शिसेविरहित डाखाच्या टिकाऊपणाची खात्री नव्हती. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि उत्पादकावर जबाबदारी आहे. दुरुस्त करता येणारे, आज्ञावली बदलून झोपायला शिकवता येणारे यंत्र हे नव्या यंत्राहून पुष्कळदा अधिक हरित असते.

आता ६जीचे मानक घडते आहे. मार्च २०२३ मध्ये भारताने आपला ६जी दृष्टिलेख प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षअखेरीस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पुढील पिढीच्या आराखड्यात शाश्वततेला सर्वव्यापी तत्त्वाचे स्थान दिले. मानक एकदा ठरले की पुढील पंधरा-वीस वर्षे कोट्यवधी यंत्रे तसेच वागतात. ४जीचा दर मिलिसेकंदाचा संकेत हे त्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९८६ मध्ये आपण इतरांचे केंद्र आपल्या उन्हाळ्याला जुळवून घेतले नाही, आपल्या उन्हाळ्यासाठी वेगळे केंद्र बनवले. आज आपल्याकडे ४जीचा संपूर्ण संच घडवणारी माणसे आहेत. मानकांच्या बैठकांत त्यांनी एकच आग्रह धरावा असे मला वाटते. यंत्राच्या माहितीपत्रकावर कमाल वेगाशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, काम नसतानाची वीज छापली जावी आणि तिला मानकातच कमाल मर्यादा असावी.

विद्यार्थी मित्रांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. बाजारात साधे वॅटमीटर मिळते. ते लावून घरातील राउटरची वीज दोनदा मोजा. एकदा घरातील सर्वजण चित्रफिती पाहत असताना आणि एकदा पहाटे तीन वाजता. दोन आकड्यांतील फरक लिहून ठेवा. आपले आकडे, राउटरच्या प्रकारासह, खाली प्रतिक्रियांत कळवलेत तर त्यांचा एकत्रित तक्ता करून पुढच्या लेखात देईन.